मधुमेह मर्दन मंडळ

सरांना दुःखी माणूस दिसला की राग यायचा. कीव नाही, काळजी नाही, सरळ राग. पांढऱ्याशुभ्र शर्टावर कोणी पान थुंकावं तसा. सारं आयुष्य त्यांनी शाळेत पी.टी. शिकवण्यात घालवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला, पण गळ्यातली शिट्टी काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. त्या हलगर्जीपणाची फळं भिवंडीतल्या आम्हा साखरवाल्यांनी भोगली.

कारण निवृत्तीनंतर सरांनी 'मधुमेह मर्दन मंडळ' काढलं. नाव त्यांनीच ठेवलं होतं. मर्दन कोणाचं व्हायचं ते आम्हाला लवकरच कळलं.

रोज सकाळी तळ्याकाठच्या मैदानावर जमायचं आणि एका रांगेत उभं राहायचं. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपली उपाशीपोटीची साखर मोठ्याने सांगायची, शाळेत हजेरी देतात तशी. आकडा सरांना पसंत पडला तर टाळ्या. नाही पडला तर रांग सोडून बाजूच्या रांगेत जायचं. त्या रांगेचं नाव 'मिठाई लाईन'. मिठाई लाईनने फेऱ्या जास्त मारायच्या आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून हसायचं, कारण सरांच्या मते लाजेइतकं स्वस्त औषध बाजारात नव्हतं. एक बाई त्या टाळ्यांच्या आशेने रात्रीचं जेवण सोडून नुसत्या गोळ्या घ्यायला लागल्या आणि एका सकाळी मैदानातच कोसळल्या. आम्ही त्यांच्या तोंडात साखर घालायला धावलो, तेव्हा सर बाकीच्यांना सांगत होते, "पण आकडा बघा यांचा! आकडा बघा!"

माणसांची नावं लक्षात ठेवणं सरांना कमीपणाचं वाटे. ते धंद्यावरून हाक मारत. मी वडप्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होतो, म्हणून मी 'ट्रान्सपोर्ट'. सुताला खळ लावायच्या कारखान्यातले एक 'सायझिंग' होते, एक 'पोस्ट ऑफिस' होते. वळ गावचे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. ते अर्थात 'गोडाऊन'. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो.

सरांना कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. कोणाच्या घरी गेले तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच. बूट पांढरे, रोज खडू लावलेले. आणि मनाविषयी त्यांचं एक शास्त्र होतं. "मन म्हणजे काय? स्नायू आहे. वापरला नाही की लोंबतो." हे ते इतक्या खात्रीने सांगत की समोरच्याला आपलं मन शर्टाखाली कुठेतरी लोंबताना दिसायला लागे.

मला साखर निघाली त्याच वर्षी माझं आणखीही काहीतरी बिघडलं होतं, पण त्याला नाव नव्हतं. साखर दुखत नाही. हेही दुखत नव्हतं. फक्त सगळ्याची चव गेली होती. ऑफिसात ट्रकचा नंबर टाइप करता करता बोटं थांबायची. सकाळी बूट घालायला बसलो की एक बूट घालून तसाच बसून राहायचो. मग गोळी घ्यायची राहायची, साखर वाढायची, आपल्याच्याने काहीच होत नाही असं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी गोळीकडे बघावंसंही वाटायचं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जणू मी ते जेवणानंतर पाण्याबरोबर घेत होतो.

एकदा धीर करून सरांनाही सांगितलं. "सर, सकाळी उठवतच नाही."

"उठवत नाही म्हणजे? पाय आहेत ना?"

"आहेत."

"मग उठायचं! पाय नसलेली माणसं उठतात. तू ट्रान्सपोर्टचा माणूस, स्वतःला हलवता येत नाही?"

रांग हसली. सरांना स्वतःचा विनोद इतका आवडला की पुढे आठवडाभर ते रोज तो नव्याने सांगत राहिले.

पुढे त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात एक समुपदेशक बाई आल्या. शबाना मॅडम. भिवंडीच्याच, यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांच्या घरातल्या. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या आणि परत यायच्या. एका सकाळी त्या मैदानावर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "सर, साखरेबरोबर उदासीचा त्रास बऱ्याच लोकांना होतो. आणि मन उदास असलं की साखर सांभाळणंही अवघड जातं. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दवाखान्यात बसतो. कोणाला यायचं असेल तर..."

"बसता?" सरांनी विचारलं.

"हो."

"आणि?"

"बोलतो."

सर आमच्याकडे वळले. "ऐकलंत? बसतात! आणि बोलतात! ह्याला आता ट्रीटमेंट म्हणतात!" मग मॅडमना म्हणाले, "बाई, इथे कोणी वेडं नाही." आणि त्यांचं पुढचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून शिट्टी फुंकून आम्हाला पळायला लावलं. पन्नाशी-साठीतले आम्ही, धापा टाकत पळालो. मॅडम गेटपाशी शांतपणे उभ्या राहिल्या आणि पहिली फेरी मारून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दवाखान्याचं कार्ड देऊन गेल्या.

मी बुधवारी गेलो. सरांचं चुकतंय हे मला कळलं होतं म्हणून नव्हे. तिकडे बसायला मिळतं म्हणून.

तिथलं पहिलं दृश्य काही फार आशा लावणारं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जखमी पायाचं मोठं रंगीत चित्र, बिनसाखरेचा चहा. मनात म्हटलं, चला, ही दुसरी पाठशाळा.

मॅडमनी मला विचारलं, "काल काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही कसं करतात? सकाळपासून सांगा ना."

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी ड्रायव्हरांना "पावती घे" म्हणण्यापलीकडे मी कोणाशी एक वाक्य बोललो नव्हतो. मग त्यांनी विचारलं, मनात सारखं काय येतं. मी म्हटलं, "घरच्यांना ओझं झालोय."

"घरच्यांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"पूछ के तो देखो."

घरी आलो. बायको भेंडी चिरत होती. मी दारातच उभं राहून विचारून टाकलं. ती मान वर न करता म्हणाली, "ओझं? ओझं असतात तर कधीच खाली ठेवलं असतं. कंटाळा आलाय मला तुमचा. बोलत नाही, हसत नाही, भाजी कशी झाली सांगत नाही." त्या दिवशी मला जितकं हायसं वाटलं तितकं आजवर कुठल्या कौतुकाने वाटलेलं नाही. मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "ओझं वेगळं, कंटाळा वेगळा. कंटाळ्यावर काम करता येतं."

काम म्हणजे अगदी क्षुल्लक. संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायला चालत जायचं. रोज एका माणसाला विनाकारण फोन करायचा. मनात जे येईल ते खरं आहे का, हे एकदा तपासून बघायचं. गोळ्यांच्या वेळा डॉक्टर आणि मॅडम दोघांनी मिळून माझ्या ड्युटीप्रमाणे लावून दिल्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी ध्यानात आलं की दोन्ही बूट पायात आहेत आणि मी दारात उभा आहे.

मैदानावर मी तरीही जात होतो. चालणं चांगलंच होतं, त्याचं श्रेय सरांना द्यायला हवं. नाही दिलं तरी ते घेतच.

मग शेठचं झालं. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि एक बोट काढावं लागलं. बऱ्याच दिवसांनी ते मैदानावर आले. हातात काठी, पायात वेगळी चप्पल. रांगेच्या टोकाला उभे राहिले.

"गोडाऊन! किती?"

शेठ काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने!"

शेठनी आकडा सांगितला. सरांनी आधी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "एक बोट गेलं. नऊ आहेत. नऊ बोटांवर माणसं डोंगर चढतात. आणि हे बघा, तोंड पाडून उभे! चला, मिठाई लाईन!"

शेठनी त्या रांगेकडे पाहिलं, आपल्या पायाकडे पाहिलं, आणि काठी टेकत गेटबाहेर गाडीत जाऊन बसले. पुन्हा आले नाहीत. चार दिवसांनी सरांनी जाहीर केलं, "एक गळला. मंडळाची सरासरी सुधारली."

त्यानंतर एके दुपारी शेठच्या मुलाचा मला ऑफिसात फोन आला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याने माझा नंबर शोधला होता. "काका, बाबा खोलीतून बाहेर येत नाहीत. इन्सुलिन घेतलं म्हणतात, पण फ्रिजमधली पेनं भरलेलीच आहेत. तुम्ही कुठल्या मॅडमकडे जाता ना?"

मी मॅडमना कळवलं, मॅडमनी डॉक्टरांना. त्याच संध्याकाळी मॅडम आणि मी वळला गेलो.

घर तीन मजली, खालपासून वरपर्यंत चकचकीत. शेठ खिडकीशी खुर्चीत बसले होते. खिडकीतून गोदामाची लांबच लांब पत्र्याची भिंत दिसत होती. टीपॉयवर अर्धवट झाकलेलं एकट्याचं ताट होतं, भाकरी आणि उकडलेला दुधी. आतून मात्र मासळी तळल्याचा वास येत होता.

"कनाला आल्यान तुमी?" शेठनी त्यांच्या बोलीत विचारलं. कनाला म्हणजे कशाला. "माजे डोक्याला काय झाला न्हाय."

मॅडम स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "शेठ, सुई घेता का?"

"घेतू."

"नहीं लेते आप. फ्रिज बघूनच आले मी." मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मुलगा उसळला, "मॅडम, काहीही काय विचारता!" मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं आणि शेठकडे बघत राहिल्या.

शेठ खिडकीबाहेर बघत बोलले. "फिराला जा सांगतात सगली. कय फिरू? माजे शेतान आता टरक रिवस घेतात. घरान जेवाला बसलू तं सगल्यांचे डोले माजे ताटान. ग्राउंडावर गेलू तं त्यो मास्तर मना पोरासारका उभा करतो. सुई घेतली का एक दिस वाढतो. तो दिस कनाला वाढवाचा, तुमीच सांगा."

मी सरांच्या मैदानावर मनाविषयी पुष्कळ ऐकलं होतं. असं काही ऐकलं नव्हतं.

मॅडमनी "सगळं ठीक होईल" म्हटलं नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठना तपासायचं ठरवलं, आणि तोवर त्यांना एकटं ठेवायचं नाही असं घरच्यांना बजावलं. मग मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. वेगळं ताट बंद. सगळ्यांनी एकत्र बसायचं, तेच जेवायचं, भात सगळ्यांनीच थोडा कमी घ्यायचा. शेठच्या ताटात कोणी बघायचं नाही. सुईच्या वेळी मुलाने जवळ बसायचं, पण पोलिसासारखं नाही. त्याने आपला चहा घेऊन बसायचं. सून म्हणाली, "आम्ही त्यांच्या भल्यासाठीच बघत होतो." मॅडम म्हणाल्या, "माहीत आहे. पण त्यांना फक्त पहारा दिसतो."

निघताना शेठना म्हणाल्या, "बुधवारी या."

"येऊन काय कराचा?"

"काही नाही केलं तरी चालतं."

डॉक्टरांनी औषधं बदलली, आणि शेठ आले. पहिल्या बुधवारी भिंतीवरच्या पायाच्या चित्राकडे पाठ करून बसले. दुसऱ्या बुधवारी चहाचा घोट घेऊन म्हणाले, "ह्यो च्या हाय का गटाराचा पानी?" त्या खोलीत पहिल्यांदाच सगळे एकदम हसले. पुढे एकदा, काही विषय नसताना, ते म्हणाले, "माजा बोट कापला तो कय टाकला, कोनी सांगला न्हाय मना. इचारलू तं हसली." त्यावर कोणी हसलं नाही, कोणी उपदेशही केला नाही. 'पोस्ट ऑफिस' उठले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

हळूहळू मंडळातले निम्मे लोक बुधवारी येऊ लागले. सरांना सुगावा लागायचा तो लागलाच. एका बुधवारी दार धाडकन उघडलं आणि चार भिंतींच्या त्या खोलीत शिट्टी वाजली. कानठळ्या बसल्या. "उठा!" सर ओरडले, आणि सवयीने आम्ही दोघे-तिघे उठलोसुद्धा.

"लाज वाटत नाही? मी तुम्हाला उभं करायला मरतोय आणि तुम्ही इथे येऊन बसता! साखर शिस्तीने जाते, रडगाण्याने नाही!"

मॅडमनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

शेठ बसूनच बोलले. "सर, मी सुई घेत नव्हतू. मराचा व्हता मना. तुमचे मिठाई लायनीत उभा राहू नको वाटला, आनि घरान बसून बी राहू नको वाटला."

"दुबळेपणा आहे हा! निव्वळ दुबळेपणा!" सर म्हणाले. "माझा धाकटा भाऊ असाच. लहानपणापासून साखर. शिकला, नोकरीला लागला आणि एक दिवस अंथरूण धरलं. म्हणायचा, दादा, उठवत नाही. मी म्हटलं, कसं उठवत नाही ते बघतो. रोज पहाटे त्याच्या खोलीत जायचो, शिट्टी वाजवायचो, पाय धरून ओढायचो. उठायचा. फेऱ्या मारायचा. शिस्त लागत आली होती त्याला. सुई बंद केली होती गाढवाने, हे कोणाला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा मी वेळेवर गेलो होतो. शिट्टी वाजवली..."

शिट्टी हातात होती, ती त्यांनी मुठीत धरली.

मॅडमनी विचारलं, "सर, नाव काय त्यांचं?"

सरांनी नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं कोणा माणसाचं ते पहिलंच नाव. मॅडमनी खुर्ची आणखी थोडी पुढे सरकवली. सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि निघून गेले.

आता वाचणाऱ्याला वाटेल, सर बदलले. अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर तीच रांग, तीच शिट्टी, तीच मिठाई लाईन. माझं डोकंच फिरलं. ज्या औषधाने घरचा माणूस गेला तेच औषध हा गृहस्थ रोज सकाळी गावाला फुकट वाटत होता, आणि त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर मी मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. मी मंडळ सोडलं. सकाळी शेठबरोबर चालायला लागलो, त्यांच्या काठीच्या चालीने. सरांचा विषय निघाला की शेठ म्हणायचे, "जाऊ दे रं त्याला." मी जाऊ देत नसे.

मग बुधवारी नवीनच गंमत सुरू झाली. एका संध्याकाळी दारात एक लूम कारागीर येऊन उभा राहिला. तरुणच होता, पण गाल बसलेले. आत यावं की नाही त्याला कळेना.

"किसने भेजा?" मॅडमनी विचारलं.

"भेजा नहीं मॅडम, भगाया. ग्राउंड पे वो सीटीवाले सर हैं ना, बोले, तू मेरे लायक नहीं है. बुधवार को दवाखाने में जा, उधर निकम्मे लोग बैठते हैं."

शेठनी शेजारची खुर्ची थोपटली. "बैठ. निकम्मे लोग यहीच हाय."

त्याच्यानंतर आणखी आले. कोणाला सरांनी 'पोतं' म्हटलं होतं, कोणाला 'मेलेलं झुरळ'. पण प्रत्येकाला दिवस आणि दवाखाना बरोबर सांगितलेला होता. रांगेतला कोण खरंच खचलाय हे सर नेमकं ओळखत. इतकी वर्षं तेच बघून ते चिडत आले होते. मॅडम म्हणायच्या, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेले लोक घरी विचार करत बसतात, सरांनी हाकललेले मात्र हमखास येतात. सभ्य शब्दांत हेच सांगणं काही सरांना शेवटपर्यंत जमलं नाही. तेवढी साधी माणुसकी त्यांच्या कवायतीत बसत नव्हती.

पुढे सर मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जायच्या आधी एकदा औषधाच्या दुकानात भेटले. मी गोळ्या घेत होतो. मागून हाक आली, "ट्रान्सपोर्ट!"

मी वळलो. नमस्कार केला नाही.

"तो लूमवाला येतो का?"

"येतो."

"सुई घेतो?"

"घेतो."

"तो सांगतो म्हणून म्हणतोयस. सांगतात ते खरं नसतं."

"ठाऊक आहे, सर," मी म्हटलं. "म्हणून रोज कोणीतरी त्याच्याकडे जाऊन बसतो. आज शेठ गेलेत."

सर माझ्याकडे बघत राहिले. आता काहीतरी बरं बोलतील असं मला वाटलं. इतक्या वर्षांनीही मी तितका भाबडा होतो. ते म्हणाले, "पोट बघ किती सुटलंय तुझं," आणि दुकानाची पायरी उतरले. येणाऱ्या रिक्षा हाताने थांबवत, मान ताठ ठेवून त्यांनी रस्ता ओलांडला. पलीकडे एक दगडी कट्टा होता. त्याच्याजवळ ते थांबले, एकदा इकडे-तिकडे पाहिलं, आणि बसले.